बाहेरच्या रांगेतली पोती

मी परखी बोलतेय. नाव ऐकलं नसेल तर दोष तुमचा. तुमच्या ताटातला दाणा आधी माझ्या पोटातून गेलाय. हातभर लांब, टोकदार, पन्हळीसारखी पोकळ लोखंडी सळई, हे माझं रूप. पोत्यात खुपसून ओढली की आतलं मूठभर धान्य तपासणाऱ्याच्या तळहातावर येतं. बंदरं, जहाजं, परकीय चलन या सगळ्या नंतरच्या गोष्टी. देशाचा व्यापार त्या मुठीपाशी सुरू होतो.

दिल्लीच्या नरेल्यात एका लोहाराने मला ठोकून काढलं आणि खंडेरावांनी घेतलं. केंद्र सरकारच्या धान्य खात्यातला माणूस, बिऱ्हाड मयूर विहारात. निवृत्तीनंतर तांदूळ निर्यात करणाऱ्या एका कंपनीने त्यांना नरेल्याच्या गोदामात तपासनीस नेमलं, तिथेही ते मलाच घेऊन गेले. त्यांची रीत ठरलेली. पोत्यांची थप्पी फोडायला लावायची आणि मधल्या पोत्यात मला खुपसायचं. बाहेरची पोती काय, कोणीही चांगली रचतो. हमाल कुरकुरायचे, मॅनेजर चरफडायचे. खंडेराव ढिम्म.

तिथे सोनीपतकडची कौशल्या तांदूळ आणायची. गावातल्या बारा बायका जमवून पिकवलेला, गिरणीत स्वतः उभं राहून सडून घेतलेला. पोत्यांवर तिने गावाचं नाव छापून घेतलं होतं आणि परदेशातला एक खरेदीदार त्या नावाचाच माल मागायचा. त्याच्या जोरावर ती शेत मागायला आलेल्या बिल्डरांना दारातून परत पाठवायची. मला ती बाई आवडायची. मान खाली घालून बोलणं तिला येतच नव्हतं.

मग कंपनीच्या गुरुग्राम ऑफिसातून पुष्कर आला. पुण्याचा, गोड बोलणारा. त्या वर्षी मागणी मोठी आली, कौशल्याचा माल कमी पडला. पुष्करने काय केलं? कुठलासा जुना, ओलसर तांदूळ तिच्याच नावाच्या पोत्यांत भरला आणि थप्पीच्या मधोमध रचून ठेवला. खंडेरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"थप्पी फोडायला सांग," ते म्हणाले.

"काका, कंटेनर दारात उभा आहे, हमाल जेवायला गेलेत. आणि कौशल्यामौसीचा माल तुम्ही ओळखत नाही का, यार?"

काकाही आणि यारही. पण एवढ्या वर्षांत त्या गोदामात मराठीत काका म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. म्हातारा विरघळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला फक्त बाहेरच्या रांगेत खुपसलं. दाणा लांब, स्वच्छ, सुगंधी. सही झाली. मी खोटं बोलले नाही हो. आत काय आहे, हे मला कोणी विचारलंच नाही.

कंटेनर किडे घेऊन परत आला. सोबत पत्र: या गावाचा माल पुन्हा नको. बातमी बाजारात पसरली आणि दुसरा कोणी निर्यातदारही त्या नावाला हात लावेना.

कौशल्या गोदामात आली. रडली-ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मेरा चावल खराब था क्या?"

पुष्कर मोबाइलमध्ये बघत राहिला. खंडेराव म्हणाले, "आपका चावल अच्छा था. मैंने अंदर देखा नहीं."

त्यांनी हे कंपनीला लिहूनही दिलं. कागद कुठे गेला कोण जाणे. मला टेबलावर ठेवून ते घरी गेले, ते परत आलेच नाहीत.

आता मी गुरुग्रामच्या ऑफिसात, रिसेप्शनमागे शोभेची म्हणून काचेत टांगलेली आहे. खाली कॉफी पिता पिता लोक म्हणतात, अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा आता उरलाय कुठे. चिमटीतलं बिस्कीट गव्हाचं आहे, हे त्यांना कोणी सांगावं?

गेल्या आठवड्यात पुष्कर माझ्यासमोरच फोनवर बोलत होता. एका नव्या खरेदीदाराला पोत्यावर गावाचं नाव असलेला तांदूळ हवा होता, गाव कुठलंही चालणार होतं. स्पीकरवर कौशल्याचा आवाज मी लगेच ओळखला.

"मौसी, इस बार कितना दोगी?"

"मेरे खेत में अब फ्लैट बन रहे हैं, बेटा. चावल तो मैं भी दुकान से लाती हूँ."

पुष्करने फोन ठेवला आणि दुसऱ्या गावाचा नंबर लावला. तिथेही कोणी बाई असेल, पोत्यांवर गावाचं नाव छापून घेणारी. वाचणाऱ्या माणसा, माझी कीव नको करूस. मला आधी या काचेतून बाहेर काढ.