पलंगाखालची उजेडपेटी

मी एक जुनी उजेडपेटी आहे, आणि हे सगळं मी पलंगाखालून सांगते आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रंक, डोक्यावर पलंगाच्या फळ्या. अंग चोरून राहायचं म्हटलं तरी चोरायला जागा नाही.

मित्रांनो, माझं अंग लाकडाचं, वर दुधी काच आणि पोटात ट्यूब. काचेच्या कडेला पितळेच्या खुंट्या आहेत. भोकं पाडलेले कागद त्या खुंट्यांत अडकवायचे, दिवा लावायचा, की खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. मग त्याहून किंचित वेगळं चित्र काढायचं. अशी चित्रं भराभर दाखवली की ती चालू लागतात.

कार्टूनच्या कारखान्यात एका सुताराने मला घडवलं. माझ्यापुढे या घरातली आजी बसायची. तेव्हा ती आजी नव्हती. दोन वेण्या घातलेली, शाईने बोटं बरबटलेली मुलगी होती. साबणाच्या जाहिरातीतलं बदक आम्ही दोघींनी चालवलं. बदकाला ठुमकायला लावावं तर हिनंच, असं मालक म्हणायचे. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी मला तिला देऊन टाकलं. म्हणजे मी तिला फुकटच मिळाले. ती मला मांडीवर घेऊन बसने घरी आली.

पुढे तिचा हात थरथरू लागला. एक दिवस आपलीच रेघ तिने बराच वेळ बघितली, माझा दिवा मालवला आणि मला इथे सरकवलं. तेव्हापासून मला माणसं दिसत नाहीत. नुसते पाय दिसतात.

गेल्या महिन्यात नातीचे पाय खोलीत सारख्या येरझाऱ्या घालू लागले. तिला अॅनिमेशन शिकायचं होतं. त्यासाठी सोमवारपर्यंत स्वतः केलेली छोटी फिल्म कॉलेजला पाठवायची होती. निवड झाली नाही तर मुकाट्याने हिशेबाच्या वर्गाला बसायचं, असं तिच्या बाबांनी कबूल करून घेतलं होतं. तिने संगणकावर फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात मागचं चित्र फिकट दिसायची सोय होती म्हणे. मी हबकलेच. ते तर माझं काम.

पण तिचं मांजर बिघडत होतं. प्रत्येक चित्र ती आधीच्या चित्रावरून काढायची आणि दर वेळी रेघ केसभर बाहेर जायची. खिडकीतून निघालेलं मांजर दारापर्यंत फुगतच जायचं. बाबा म्हणाले, "निघालं मांजर आणि पोचलं वासरू. आता वेसण घाल त्याला." सगळे हसले. नात मात्र पलंगाला टेकून जमिनीवर बसली, आणि तिचं मुसमुसणं माझ्या अगदी जवळून ऐकू आलं.

उपाय मला ठाऊक होता. आजीलाही ठाऊक होता. दोघी गप्प.

शेवटी आजीच्या सपाता जवळ आल्या.

"आधी पहिलं काढ, मग शेवटचं," ती म्हणाली. "मधली मागून. दोन्हीकडून धरून ठेवलं की फुगत नाही ते."

"म्हणजे कसं? काढून दाखव ना."

"माझा हात बघितलायस ना, बाई?"

"मग तू नुसतं बोट ठेव. रेघ मी ओढते."

आजीच्या सपाता ट्रंकेकडे वळल्या. मग ट्रंक सरकली आणि मला बाहेर ओढलं गेलं. ट्यूब केव्हाच गेली होती. नातीने मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या पोटात ठेवला. मग कागदावर काढलेलं पहिलं आणि शेवटचं मांजर खुंट्यांत अडकलं, वर कोरा कागद आला. आजीचं बोट त्या कागदावर थरथरत चाललं आणि पेन्सिल त्याच्या मागोमाग. शेपूट जरा मागे ठेव, ती उशिरा निघते, असं आजीने सांगितलं.

तेवढ्याने नातीला उमगलं. पुढचं चित्र फिकट दाखवायची सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, तिने ती कधी चालूच केली नव्हती, ती आता केली. सोमवारी मांजर मांजराएवढंच राहून दाराबाहेर पडलं. निवडीत तिचं नाव आलं. हिशेबाचा वर्ग टळला, आणि आता बाबाच शेजाऱ्यांना बोलावून ते मांजर दाखवतात.

मला वाटलं होतं, आता मी टेबलावर राहीन. पण टेबलावर संगणक आहे. अंथरुणं घालायची वेळ झाली आणि मी परत इथे आले.

मित्रांनो, फुकट मिळतं ते जरूर घ्या, त्यावर शिका. पण अडलात, तर ते काम हातावेगळं करून बसलेलं घरात कुणी आहे का, ते बघा. आपणहून ते बोलणार नाही, तुम्हीच विचारा. आणि पलंगाखाली सामान सरकवताना जरा हळू. खाली काच आहे.