गाळलेलं पाणी

हेडमास्तर माणिकरावांनी बातमी सांगितली तेव्हा राजमतीबाई मुलींनी शिवलेल्या झबल्यांच्या घड्या घालत होत्या. बातमी अशी होती की गृहशास्त्र जूनपासून बंद. माणिकराव भले गृहस्थ. बाईंना वाईट वाटेल म्हणून त्यांनी आधी चहा मागवला होता. बाई बाहेरचं काही घेत नाहीत, हे गडबडीत विसरले होते. टेबलावर चहाच्या कपात साय धरत गेली आणि ते समजावून सांगत राहिले.

सन बहात्तर होतं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची येणार होती आणि नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात त्या जूनपासून आठवीला व्हायची होती. आजवर शेलूबाजारच्या शाळेत मुलं विज्ञानाला बसत आणि त्याच तासाला मुली पलीकडच्या खोलीत शिवण-स्वयंपाक शिकत. आता मुलामुलींना एकच गणित, एकच विज्ञान, आणि ते सक्तीचं. शाळेकडे विज्ञानाचा दुसरा शिक्षक नव्हता. बाईंनी उन्हाळ्यात अकोल्याला प्रशिक्षण घेतलं, तर बी.एस्सी. झालेला माणूस मिळेपर्यंत आठवीच्या मुली त्यांच्याकडे राहतील. मग बाईंना प्राथमिक शाळेत जावं लागेल. नाही घेतलं, तर आताच.

माणिकरावांना वाटलं होतं बाई रडतील. बाईंनी झबलं खाली ठेवलं आणि विचारलं,

"बी.एस्सी.वाला कवा येईन?"

"आपल्या गावाले कोन येते बाई? दोन-एक वर्सं त् लागतीनच."

"मंग मायं नाव धाडा अकोल्याले."

त्या इतक्या पटकन बोलल्या की माणिकराव जरा चकित झाले. त्यांना ठाऊक नव्हतं, पण राजमतीबाई ह्या तासाची वाट वयाच्या चौदाव्या वर्षापासून पाहत होत्या.

तेव्हा त्या वाशीमला मामांकडे राहून शिकत होत्या. विषय निवडायची वेळ आली आणि त्यांनी विज्ञान मागितलं. मास्तर कुरकुरले, पण वडील गुलाबचंद किराण्याचं दुकान बंद करून मुद्दाम शाळेत आले आणि म्हणाले, पोरीला हवं ते द्या. अडलं ते आईपाशी, सूरजबाईंपाशी. त्या वर्गात बेडूक कापतात, असं सूरजबाईंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ज्या जैन घरात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालतात, त्या घरची मुलगी असल्या वर्गात बसणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. राजमतीने गृहशास्त्र घेतलं.

पुढे लग्न झालं, आणि दोन वर्षांत पांढऱ्या कपाळाने ती माहेरी परत आली. गुलाबचंदांनी लोकांची बोलणी सोसून तिला शिक्षिका केलं. आता तेही नव्हते. घरात आई आणि मुलगी, दोघीच होत्या. त्या जुन्या गोष्टीबद्दल आई कधी बोलली नाही, आणि मुलीनेही कधी काढली नाही. पण टाके घालायला शिकवताना पलीकडच्या खोलीतून मुलांचा गलका आला, काहीतरी पेटलं, कशाचा तरी रंग बदलला की राजमतीबाईंची सुई थांबायची. मुली वर बघायच्या. बाई म्हणायच्या, "करा पुढं."

अकोल्याच्या वर्गात पुरुषच जास्त होते. पन्नाशीच्या मास्तरांनाही नवं पुस्तक जड जात होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे सरकारला नावं ठेवायचे. राजमतीबाई तेव्हा शेवटच्या बाकावर बसून सकाळचं पुन्हा वाचत. दुसऱ्या आठवड्यात सूक्ष्मदर्शक आला. शिकवणाऱ्या सरांनी गुरांच्या हाळातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि एकेकाला बोलावलं. बाईंनी डोळा लावला. आधी नुसता उजेडाचा गोल दिसला. मग त्या गोलात काहीतरी सरकलं. पारदर्शक, चपलेच्या तळासारखं, आपल्याच घाईत असलेलं. त्याच्यामागून दुसरं. मागे रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं, तरी बाईंचा डोळा तिथून निघेना.

त्या रात्री वसतिगृहात त्यांना सारखी आई आठवत होती. सूरजबाई रोज सकाळी दुहेरी कापडातून पाणी गाळत, आणि कापडावर राहिलेलं पाणी त्याच विहिरीत परत सोडायला लहानपणी राजमतीला धाडत. पाण्यात जीव असतात, ते आपल्या घरी परत गेले पाहिजेत. विहिरीवरच्या मुली हसायच्या. कुठं आहेत गं तुझे जीव, दाखव की. राजमतीला दाखवता यायचे नाहीत. ती खाली मान घालून भांडं रिकामं करायची आणि पळत यायची.

आईला हे दाखवायचं, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं.

ती दोन वर्षं कशी गेली ते बाईंना कळलंही नाही. शाळेत सामान नव्हतं. दुष्काळाचं साल, विहिरी तळाला गेलेल्या. पण बाईंनी वासराच्या घंटेवर ध्वनी शिकवला, कंदिलाच्या काचेवर हवा शिकवली. तांड्यावरून चालत येणारी रूपला नावाची मुलगी होती, तिच्या तांड्यातली आठवीत आलेली पहिलीच. तिने एकदा विचारलं की उजेडाला वजन असतं का. बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, मी विचारून सांगते. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मास्तरला माहीत नसतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. रूपला मात्र खूश झाली. आपला प्रश्न बाईंना पुरून उरला, ह्याचा तिला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या वर्षी शाळेलाही सूक्ष्मदर्शक मिळाला. तो माणिकरावांच्या कपाटात कुलपात राहायचा आणि तपासणीच्या दिवशी बाहेर यायचा. बाई मागत, ते बघू म्हणत. मग चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये बी.एस्सी. झालेल्या शिक्षकाची नेमणूक ठरली. तरुण होता, अमरावतीचा. जूनपासून येणार. राजमतीबाईंना आसेगावच्या प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग.

माणिकरावांनी ह्या वेळी चहा मागवला नाही. ते म्हणाले की बाईंनी काम चांगलं केलं, पण नियमापुढे त्यांचं चालत नाही. बाई म्हणाल्या, मला ठाऊक आहे. फक्त एक दिवस कपाट उघडा.

त्या दिवशी सगळ्या मुलींनी पाहिलं. रूपलाने दोनदा पाहिलं. शाळा सुटल्यावर माणिकराव किल्ली बाईंच्या हातात देऊन निघून गेले, आणि थोड्या वेळाने सूरजबाई आल्या. डोक्यावरून पदर, हातात स्वतःच्या पाण्याचा झाकलेला तांब्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, त्यावर जाड भिंगाचा चष्मा. वर्गाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. मुलीने राहू दे म्हटलं तरी अनवाणीच आत आल्या.

बाईंनी टेबल पश्चिमेच्या खिडकीशी ओढलं, आरसा फिरवून उजेड धरला आणि हाळातल्या पाण्याचा थेंब लावला. आईचा चष्मा काढला, तिची मान हलकेच धरून खाली केली. बराच वेळ सूरजबाईंना काही दिसेना. मग त्यांचा टेबलावरचा हात घट्ट झाला.

"हालून राह्यले," त्या म्हणाल्या.

"हो माय."

"हेच थे?"

"हेच."

सूरजबाईंचा चेहरा असा उजळला की राजमतीबाईंना वाटलं, आपली दोन वर्षं सार्थकी लागली. पण सूरजबाईंनी तांब्यावरचं झाकण काढलं.

"आता ह्यातलं दाव. हे म्या गाळेल हाये."

हे राजमतीबाईंच्या मनात आलंच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या पट्टीवर थेंब घेतला, आणि आधी स्वतः डोळा लावला. उजेडाचा गोल स्वच्छ होता. त्यांनी पट्टी जराशी सरकवली. पुन्हा स्वच्छ. त्या सुटकेचा श्वास सोडणार तोच कडेने एक जीव आला, गोल ओलांडून चालला.

आई शेजारी उभी होती. काही नाही माय, तुझं पाणी निवळशंख आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. म्हातारीला पुन्हा कोण दाखवणार होतं? कपाट उद्यापासून बंदच होतं. राजमतीबाईंनी पट्टी तशीच ठेवली. मग बाजूला झाल्या.

"पाय माय," त्या म्हणाल्या.

सूरजबाईंनी पाहिलं. फार वेळ पाहिलं. वर आल्या तेव्हा त्यांनी चष्मा लावला नाही, हातातच धरून ठेवला.

"कपड्यातून जाते तर," त्या म्हणाल्या. "सारी उमर गाळलं म्या."

 राजमतीबाईंनी काचपट्टी पुसायला फडकं घेतलं, तर आईने हात धरला. तो थेंब तांब्यात परत जाऊ दे, आणि तांब्या विहिरीत, असं तिने सांगितलं. हाळाचा थेंब हाळात. दोघी तशाच निघाल्या. बाजारातून जाताना माणसं दुकानं आवरत होती. राजमतीबाईंनी हाळाशी वाकून पट्टी बुडवली, मग विहिरीवर जाऊन तांब्या दोरीने खाली सोडून पालथा केला. आई काठावर उभी राहून खाली बघत होती, तिला तिथून काही दिसत नसलं तरी.

परत येताना सूरजबाईंनी मुलीचा दंड धरला होता. घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या,

"तुले हेच शिकाचं होतं ना तवा?"

"हो."

"म्या जेवली नाई म्हून तू सोडलं."

राजमतीबाईंनी रिकामा तांब्या दुसऱ्या हातात घेतला. 

घर आलं तोवर सूर्य बुडाला होता. दिवस मावळल्यावर त्या घरात कुणी अन्नाला, पाण्याला हात लावत नसे. सकाळची भाकरी टोपलीत होती, ती तशीच राहिली. दोघी ओट्यावर बसल्या. समोरची गोमतीबाई आपल्या दारात दिवा घेऊन आली आणि तिने नेहमीसारखं विचारलं, जेवणं झाली का.

"आज राह्यलं," सूरजबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पाय वर घेतले, पदर सारखा केला, आणि मुलीकडे तोंड करून बसल्या.

"हं. तू आठवीच्या पोरींले काय शिकवलं, थे सांग. पयल्यापासून सांग."