किल्ल्याच्या टाक्यात उमापूरचं पाणी

पोरगी म्हणली, "आबा, या, पण तोंड उघडू नका." म्हणून मी दिवसभर गप होतो.

ऋतुजा माझी धाकटी. मेंढ्यामागं हिंडत हिंडत इतिहास शिकली, अन् नोकरी लागली कुठं, तर पार कोकणात. समुद्रातला किल्ला लोकांना फिरून दाखवायचा. आठ दिस बघतो, मग ठरवतो, असं तिथल्या सायबानं सांगितलेलं. आठव्या दिशी मी गेलतो. खांद्याला पाच लिटरची कॅन, उमापुरातून भरलेली. परक्या मुलखात आमी पाणी मागत न्हाई.

होडीतून वीसेक माणसं उतरली. सायब मागं मागं. एक गॉगलवाला पयल्यापासूनच पोरीला टोचत होता.

"मॅडम, गाव कोणतं?"

"उमापूर. बीड जिल्हा."

"तिकडे समुद्र कधी आला?"

लोकं हसली. मी कॅनचा पट्टा आवळून धरला.

ऋतुजानं तोफा दाखवल्या, बुरूज दाखवले. म्हणली, "शत्रूची गलबतं चार महिने वेढा घालून बसली. किल्ला पडला नाही."

"चारी बाजूंना खारं पाणी. मग प्यायले काय?" गॉगलवाला म्हणला. "पाठ केलेलं नको. दाखवा."

सायबानं घड्याळ बघितलं. पोरगी माझ्याकडं आली.

"आबा, कॅन द्या."

"कावून?"

"द्या तर."

तिनं झाकण काढलं अन् सगळं पाणी फरशीवर ओतलं. माझा हात आपसूक पुढं गेला. उन्हाळ्यात तेवढ्यात आमच्या बापलेकीचा दिस निघायचा.

पण पाणी पसरलं न्हाई. दगडात बोटभर खाच होती, तिच्यातनं चाललं, वळलं, लोकांच्या पायातनं कोपऱ्यात गेलं, अन् खाली टाक्यात टपटप वाजलं.

"अख्ख्या किल्ल्याला असा उतार आहे," ऋतुजा म्हणली. "पाटीवर लिहिलेलं नाही हे. मी मेंढ्यांसाठी पाणी हुडकत वाढले, मला उतार आधी दिसतो. बांधणाऱ्यांनी पावसाचा थेंब समुद्राला दिला नाही. त्यांना पाण्याची किंमत ठावी हुती." बोलता बोलता घरची बोली आली तिच्या तोंडात. मला लई बरं वाटलं.

गॉगलवाला वाकून खाचेवरनं बोट फिरवीत बसला. "दोनदा येऊन गेलो," म्हणला, "दिसलंच नव्हतं."

सायब पोरीला म्हणला, "उद्यापासून सकाळची पहिली होडी तुमची." मग मला म्हणला, "बाबा, कॅन भरून देऊ? बाटल्या आहेत."

तवा तोंड उघडलं मी. "टाक्यातलंच द्या."

गावात आल्यावर पारावर घोट घोट वाटलं. गोड हाय. थोडं आमचंच हाय त्यात.