राणीच्या घरची चूल

माझी लेक अन्नपूर्णा आज कोण आहे हे मी सांगायची गरज नाही. मलकापूरपासून अकोल्यापर्यंत तिच्या नावाची पाटी लागली की माणसं तंबूच्या कनाती उचलून आत घुसतात. मागच्या वर्षी तर तिचा सिनेमाही लागला. पुण्याच्या पेपरवाल्यानं छापलं की तिला वामनराव मालकांनी घडवली. वामनरावांना स्वतःच्या धोतराचा सोगा कधी धड खोचता आला नाही, ते काय पोर घडवणार! खरं काय झालं ते मी सांगते.

पोर लहान होती तेव्हा वामनरावांची नाटक कंपनी आमच्या धाड गावी बाजाराच्या मैदानात उतरली होती. राजपुत्राचं काम करणाऱ्या लेकराला गोवर निघाला. कोणीतरी सांगितलं, भाजीवाल्याची पोर साऱ्या बाजारात ऐकू जाईल अशी ओरडून वांगी विकते. मालक घरी आले. मी म्हटलं, पोर येईल, पण तिच्यामागं मीही येईन. त्या दिवसापासून कंपनीची चूल माझ्याकडे आली. दिवाळी झाली की निघायचं, पाऊस लागला की घरी यायचं. अन्नपूर्णेचा बाप वावर सांभाळायचा.

नाटक एकच, पण गाजलेलं. राजा-राणीवर वनवास येतो, राजपुत्राला साप डसतो, राणी लेकराला मांडीवर घेऊन रडते आणि पडदा पडतो. लेकरू जिवंत व्हायचं ते दुसऱ्या दिवशीच्या खेळात. म्हणजे पुन्हा तिकीट. वामनरावांचं डोकं असल्या ठिकाणी बरोबर चालायचं. साप डसला की अन्नपूर्णेनं डोळे मिटून सरस्वतीबाईच्या मांडीवर पडून राहायचं. सरस्वतीबाई म्हणजे आमची राणी. गावोगाव बाया पोरीला 'बाळराजा' म्हणून उचलून घ्यायच्या, गालाला काजळ लावायच्या.

पण पोर काय तेवढीच राहते? पाय मांडीवरून खाली लोंबायला लागले. लोक साप डसायच्या आधीच हसायचे. त्यातच सरस्वतीबाईचे गुडघे धरले आणि ती बहिणीकडे खामगावला निघून गेली. अन्नपूर्णा मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"राणी मी करतो."

मालक हसले. "तू? अगं, लोक तुला अजून टोपरं बांधायला येतील!"

"येऊ द्या नं. पाहू."

तेव्हा आमचा मुक्काम धाडलाच होता. तिथं बाजाराच्या दिवशी दुपारी खास बायकांचा खेळ असायचा. आणि आमच्या कंपनीत एक रीत होती. खेळ संपला की गावच्या बाया वर येऊन राणीची ओटी भरायच्या. मालक म्हणाले, "एक खेळ देतो. धाडच्या बायांनी ओटी भरली तर राणी तू. नाही भरली तर मी अकोल्याहून दुसरी बाई आणतो, तुम्ही मायलेकी घरी."

घरी काय वाढून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं. तिच्या बापानं रोहिणखेडच्या एका घरी शब्द टाकून ठेवला होता. मला म्हणाला, "पोरगी ना बाळराजा राह्यली, ना राणी झाली. मंग घरी बसवून काय लोणचं घालतं का तिचं? मालकानं कंपनीत ठेवली तं ठेवली. नाई तं वैशाखात बार उडवून देऊ."

अन्नपूर्णा पापड लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, वैशाखात आपला मुक्काम चिखलीले हाये."

खेळाला तंबू गच्च भरला. बायांच्या टोपल्यांत बाजाराचा भाजीपाला, मांडीवर लेकरं. मी मधोमध बसले होते. साप डसला, अन्नपूर्णेनं राजपुत्र झालेलं नवं लेकरू मांडीवर घेतलं आणि पुस्तकी बोलीत रडायला सुरुवात केली. तेवढ्यात आमच्या गल्लीतली तानाबाई उठून उभी राहिली. तिच्या जिभेला हाड नाही.

"अवो अन्ने! मागं तं तूच मेलती नं इथं! आता कोणाले रडून राह्यली?"

सारा तंबू खदखदला. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मागं पडद्याआडून मालक हात हलवत होते, पुढं बोल, पुढं बोल. माझा हात पायातल्या वहाणेकडे गेला होता, हे लपवत नाही.

अन्नपूर्णा थांबली. तानाबाईकडे पाहिलं. नाटकात प्रेक्षकांशी बोलायचं नसतं, पण ती बोलली, आणि आपल्या बोलीत बोलली.

"हाव मावशी, मीच मेलती. राणीच्या मांडीवर डोये मिटून पडे अन् रोज आयके. माय कशी रडते ते मले सारं पाठ हाये. आता माह्या मांडीवर हे निजलं. उठवतो तं उठत नाई वो मावशी. तूच सांग, मी कोणाले रडू?"

तानाबाई मटकन खाली बसली.

मग अन्नपूर्णेनं पुस्तकातलं सोडूनच दिलं. मयताच्या घरी आमच्या बाया रडतात तसा तिनं हेल काढला. सकाळी माह्या हातची भाकर अर्धी टाकून गेला रे राजा. तुह्या अंगड्याची बाही शिवाची राह्यली रे राजा. आमच्याकडे एका बाईनं असा हेल काढला की बसलेल्या बाईला गप्प राहता येत नाही. पहिली तानाबाई रडली, मग पुढची ओळ, मग सारा तंबू. मीही रडले. रात्री तेच लेकरू माझ्याच हातची खिचडी खाणार आहे हे माहीत असून रडले.

पडदा पडला. मालक ताट घेऊन ओटीची वाट पाहत उभे. एकही बाई वर आली नाही. डोळे पुसत, खाली मान घालून साऱ्या घरी निघून गेल्या.

"संपलं," मालक म्हणाले. "एक नारळ नाही. धाड तुमचंच गाव ना?"

तिचा बाप बाजार आटोपून आला होता, तो रिकाम्या टोपल्या एकात एक बसवू लागला. अन्नपूर्णेनं दागिने उतरवून पेटीत ठेवले. मी चूल पेटवायला घेतली, दुसरं करणार काय? एवढ्यात कनात उचलून तानाबाई आत आली. डोक्यावर टोपली, मागं पाच-सहा बाया, सगळ्यांच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"काऊन वो, चूल पेटवून राह्यली?" ती माझ्यावरच खेकसली. "लाज नाई वाटत? त्या पोरीचं लेकरू गेलं अन् तू आधण ठेवतं? विझव ते!"

भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकर आणतो, तशी त्यांनी राणीला भाकर आणली होती. तानाबाई अन्नपूर्णेजवळ बसली, घास मोडला. "खाय बाई. जेवल्याबिगर राहू नाई." अन्नपूर्णा गुपचूप खाऊ लागली.

मालक रिकामं ताट घेऊन तसेच उभे. "पण मग ओटी का नाही भरली?"

मी म्हटलं, "मालक, लेकरू मांडीवर गेलेल्या बाईची ओटी भरतेत का कुठं? सरस्वतीबाईची भरे, म्हंजे तिच्या मांडीवरच्या लेकराचं मरण आजवर कोणाले खरं वाटलंच नव्हतं."

मालकांनी ताट खाली ठेवलं आणि भाकरीला हात घातला. घास तोंडात ठेवूनच म्हणाले, "उद्याच्या पाटीवर राणीचं नाव मोठं लिहा."

मी तिच्या बापाकडे वळले. "सकायच्या यष्टीनं रोहिणखेडले जा अन् सांगून या."

"काय सांगू त्याहिले?"

"सांगा, नवरदेवाले राणी पायजे असन, तं तिकीट काढून पाहाले ये म्हना."