स्रोत : प्रत्यक्ष

मुलांच्या इस्पितळासाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेत मी होतो. कोणाकडे मागायला जायचं, हे कोणी जाण्याआधी शोधून ठेवायचं, एवढंच माझं काम. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मला दुसरं काही येत नव्हतं. हे तरी कितपत येत होतं कोण जाणे. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटारीच्या भिंतीला लागून माझं टेबल होतं. सकाळी वर्तमानपत्रांतल्या निधनाच्या बातम्या कापायच्या, दुपारी इतर संस्थांच्या अहवालांतून देणगीदारांची नावं उतरवायची, घराजमिनींच्या सरकारी नोंदी चाळायच्या. दर माणसाचं एक कार्ड. कार्डावर तीन रकाने छापलेले होते: ऐपत, ओळख, ओढ. माणूस काय देऊ शकेल, आपल्यापैकी कोणाला त्याच्या घरात पाय ठेवता येईल, आणि त्याचा जीव कशात आहे.

चौथा रकाना मी सुचवला. सल.

संचालकबाईंनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. "काका, इतकी वर्षं तुम्ही पुस्तकांत का सडलात हो?" त्या म्हणाल्या. "ऐपत काय, सगळ्यांनाच असते. खिशात हात जातो तो दुखतं म्हणून. छापून घ्या."

माझे कान गरम झाले. कोणी कौतुक केलं की मला नेहमीच वाटतं, यांची काहीतरी गफलत होतेय.

ग्रंथालयातली एक सवय मी इथेही लावली होती. खात्री झालेली गोष्ट शाईनं लिहायची, कच्ची गोष्ट पेन्सिलीनं. आणि संगणकावर नोंदी करणाऱ्या बाईंनी फक्त शाईचं उतरवून घ्यायचं. शेवटी स्रोत लिहायचा: बातमी, अहवाल, ऐकीव, नाहीतर प्रत्यक्ष.

वर्षाच्या सुरुवातीला देणगीदारांना भेटायला जाणारी एक नवी बाई रुजू झाली. बोलणं इतकं गोड, की आठवड्याभरात सगळे तिला मधाळ म्हणायला लागले, तिच्या तोंडावरसुद्धा. तिला शिकवण्यासाठी संचालकबाईंनी माझ्याकडे एक नमुन्याचं कार्ड मागितलं. "सलाचा रकाना कसा भरायचा ते तिला कळू दे. काहीतरी बनवा."

मला बनवता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं रचून ठेवलं. स्वतःच्या डोक्यातून एक माणूस उभा करायला बसलो, तर तासाभरात फक्त त्याचं वय सुचलं. मग मी मला ठाऊक असलेलं एक कार्ड लिहिलं. माझ्या थोरल्या बहिणीचं.

मी तिच्याच घरात, वरच्या खोलीत राहत होतो. लग्न केलं नाही, घर केलं नाही. चौतीस वर्षांपूर्वी तिची मुलगी गेली आणि पाठोपाठ नवरा सोडून गेला, तेव्हा सोबत म्हणून आलो तो तिथलाच झालो. मुलीला आम्ही खारू म्हणायचो. खाऊ गालात साठवून ठेवायची म्हणून. सहा वर्षांची होती. इस्पितळातली ती शेवटची दुपार. तीन रात्री जागलेल्या ताईला मीच घरी पाठवलं होतं, आंघोळ करून ये म्हणून. ती परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिनं मला एकच विचारलं, आणि मी म्हणालो, "झोपेतच गेली ताई. काही कळलं नाही तिला."

ताई त्या एका वाक्यावर चौतीस वर्षं जगली. शाळेत शिकवलं, निवृत्त झाली, मला चिमटे काढत राहिली.

कार्डावर मी खरं लिहिलं, नाव-पत्त्यासकट. 'सल: एकुलती मुलगी वारली तेव्हा ही जवळ नव्हती. मुलगी शुद्धीवर होती. आईला तीनदा हाक मारली. आईला हे सांगितलेलं नाही.' ऐपतीखाली लिहिलं, 'स्वतःचं दुमजली घर. वारस नाही. धाकटा भाऊ सोबत राहतो. अडचण करणार नाही.' सगळं खात्रीचं, म्हणून सगळं शाईनं. स्रोत: प्रत्यक्ष. वर कोपऱ्यात 'नमुना' असं लिहिलं ते मात्र पेन्सिलीनं, कारण नंतर खोडून कार्ड फाडायचं होतं.

संचालकबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "काका, रडवलंत."

मधाळला त्यांनी सगळं तोंडीच समजावलं आणि कार्ड मला परत दिलं. मी ते फाडलं नाही. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, मी लिहिलेलं तेवढंच एक चांगलं होतं. खणात राहिलं. मार्चमध्ये खण रिकामा करून सगळी कार्डं नोंदीला गेली, तेव्हा मी तापानं घरी पडलो होतो, आणि ताई मला म्हणत होती, "मरू नकोस रे किड्या, तुझी पुस्तकं उचलायला मला हमाल लावावे लागतील."

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. ताईनं एकही चिमटा काढला नव्हता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

"किड्या," ती ताटाकडे बघत म्हणाली, "खारू झोपेतच गेली ना रे?"

इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. पण उत्तर पाठ होतं.

"झोपेतच, ताई."

"नक्की?"

"मी होतो ना तिथं."

"हो," ती म्हणाली. "तू होतास." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पाऊल टाकलं, तर मधाळ हसत माझ्या टेबलाशी आली. "काका, तुमच्या एका कार्डानं तर कमाल केली! काल दुपारी गेले होते. बाई आधी दारातच उभं करत होत्या. मग मी म्हटलं, आमच्या इस्पितळात आईला रात्री थांबायला खोल्याच नाहीत हो, लेकरं आईच्या नावानं हाका मारत जातात. कोणीतरी तीनदा हाक मारतं, आणि आई आंघोळीला गेलेली असते."

"आंघोळीचं कार्डावर नव्हतं," मी म्हणालो.

"ते मी अंदाजानं घातलं. बरोबर लागलं की नाही?" तिनं डोळे मिचकावले. "भिंतीला टेकल्या हो एकदम. आता घर देतायत अख्खं. शुक्रवारी सही करायला येणार. एवढं गार का पडलात? तुमचं नाव सांगेन की संचालकबाईंना."

शुक्रवारपर्यंत मध्ये दोन दिवस होते. दोन्ही दिवस मी सांगायचं ठरवून खाली उतरलो, आणि दोन्ही दिवस ताईनं मला चहा दिला, वर्तमानपत्र दिलं, "आज मेलेले कोण कोण?" असं रोजच्यासारखं विचारलं. मी नावं वाचून दाखवली.

शुक्रवारी ती इस्त्रीच्या साडीत आली. मला तिच्या येण्याआधी रजा घेऊन निघून जाता आलं असतं. मी कागद लावत बसलो. संचालकबाईंनी तिला खुर्ची दिली, मधाळनं पाणी दिलं. ताई पाणी प्यायली नाही.

"माझ्याबद्दल तुमच्याकडे जे लिहिलेलं आहे ते मला दाखवा," ती म्हणाली. "मागायचा हक्क आहे म्हणे. तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय."

संचालकबाई जरा थबकल्या. पण हातातलं घर कोण घालवतं? मूळ कार्ड मागवलं गेलं. ताईनं चष्मा लावला आणि वर्गात निबंध वाचून दाखवावा तसं वाचलं. "'आईला तीनदा हाक मारली. आईला हे सांगितलेलं नाही.'" पुढे: "'धाकटा भाऊ सोबत राहतो, अडचण करणार नाही.'" तिथं ती चक्क हसली. "हे मात्र अगदी खरं. अक्षर सुरेख आहे. लहानपणी मीच गिरवून घेतलंय."

मग तिनं माझ्या टेबलाकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्या दोघींना कळलं.

"अय्या," मधाळ म्हणाली. संचालकबाईंनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि सहीचे कागद हळूच पुढे सरकवले.

ताईनं तीन ठिकाणी सह्या केल्या. "खालची एक खोली मरेपर्यंत माझी. वरचा मजला मुलांच्या आयांसाठी. महिनाअखेर रिकामा मिळेल."

"ताई, तो नमुना होता," मी म्हणालो. "कोपऱ्यात लिहिलंय बघ. पेन्सिलीनं."

तिनं कार्ड उजेडात धरून बघितलं. "आहे खरं. आणि सोमवारी जेवताना सांगितलंस ते कशानं लिहिलं होतंस? शाईनं की पेन्सिलीनं?"

मी टेबलावरची पेन्सिल खणात सरकवली.

"तू खोटं बोललास त्याचं मला काही नाही रे. मी म्हातारी होईपर्यंत जपलंस मला. पण खरं सांगायला तुला मी सोडून हे मिळाले?" ती उठून माझ्या टेबलाशी आली. "एक कोरं कार्ड घे. घे म्हणते ना. पेन काढ."

मी काढलं. शाळेतल्या मुलासारखा बसलो.

"नाव तुझं. ऐपत: काही नाही, राहतं घर बहिणीचं होतं. ओळख: कोणी नाही. ओढ: पुस्तकं." ती माझं लिहून होईपर्यंत थांबत होती. संचालकबाई फाइल बंद करून बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही. "सल."

मी वर पाहिलं. मला वाटलं, ती आता विचारेल.

"लिही. नाही."

"ताई..."

"नाही, असं लिही. असता तर तो असा रकान्यात मावला नसता."

मी लिहिलं. अक्षर वाचता येण्यासारखं आलं.

"स्रोत?" ती म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पर्स उचलून जिना उतरून गेली.

मी स्रोत लिहिला: प्रत्यक्ष. जेवणाच्या सुट्टीनंतर नोंदी करणाऱ्या बाई नेहमीप्रमाणे आल्या, टेबलावरची कार्डं उचलली, सगळं शाईचं आहे ना ते पाहिलं आणि घेऊन गेल्या.