नळी सोडण्याआधी

परतवाड्यात श्रावणचं गॅरेज आहे. गेली नऊ वर्षं किसनराव तिथून जाताना मान हटकून पलीकडच्या रसवंतीकडे वळवायचा. जसा काही उसाचा रस जन्मात पाहिला नव्हता! आज मात्र झेंडूच्या पोत्यांनी भरलेला त्याचा पेट्रोलवरचा छोटा ट्रक धक्के खात गॅरेजच्या दारातच येऊन थांबला.

"दम तोडून राहिली गाडी," किसनराव उतरून म्हणाला. "अमरावतीपावतर नाई जात."

श्रावणची नजर आधी गेली ती त्याच्या डाव्या डोळ्यावर. त्या डोळ्याला आता नुसता उजेड कळायचा, आणि ते श्रावणच्या हातून झालं होतं.

तरुणपणी दोघांनी भागीत चिखलदऱ्याच्या घाटात जुनी पेट्रोल जीप चालवली होती. काय दिवस होते ते! जीप अडली की श्रावण पेट्रोलची नळी सोडायचा, किसन वाकून बघायचा आणि पेट्रोल दिसलं की घाट दणाणून टाकायचा, "आलंऽऽ!" आतली माणसं पोट धरून हसायची. त्या गाड्यांतलं पेट्रोल गरीब गाईसारखं यायचं. पुढे इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब धरून ठेवणाऱ्या गाड्या आल्या. श्रावणला हे ठाऊक होतं. तरी नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी सवयीने त्याने नळी सोडली, सवयीनेच किसन वाकला, आणि धार थेट डोळ्यात गेली.

"फिल्टर बदलवा लागते," श्रावण म्हणाला. "पन आधी इंजिन थंडं होऊ दे."

दोघं बाकावर बसले. चहा आला, संपला.

मग श्रावणने आतली वाफ सोडायला टाकीचं झाकण उघडून पुन्हा लावलं, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला आणि म्हणाला, "मार चाबी."

इंजिन सुरू झालं, नळीत उरलेलं पेट्रोल पिऊन थरथरलं आणि आपोआप बंद पडलं.

"अजून एकडाव."

या वेळी नुसतीच घरघर झाली; नळीतला दाब उतरला होता. श्रावणने बॅटरीची तार सोडली, नळीच्या जोडाला फडकं गुंडाळलं, पाना लावला. आणि तसाच काढून घेतला.

"मले जमत नाई, किसना. दुसऱ्या कोनाले दाखव."

किसनरावने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या खिळ्याला डोळ्यांवर लावायचे दोन जाड चष्मे टांगलेले होते. एक वापरून घासलेला, दुसरा अजून प्लास्टिकच्या पिशवीत, वर धुळीचा थर.

"हा कोनाचा बे?"

"तुया. त्याच महिन्यात आनला होता."

किसनरावने पिशवी खिळ्यावरून काढली. मग धूळ शर्टाला पुसली, चष्मा चढवला, दुसरा श्रावणच्या हातात कोंबला आणि फडक्यावर स्वतःचा पंजा ठेवला.

"फिरव पाना. हळू."

श्रावणने जीव मुठीत धरून पाना फिरवला. फडक्याला जेमतेम दोन थेंब लागले.

किसनराव वाकला. उजवा डोळा अगदी जोडाजवळ नेऊन त्याने नीट पाहिलं.

"नाईऽऽ आलं!"

रसवंतीवाला घाबरून बाहेर आला. किसनराव हसत होता, आणि श्रावण पाना हातात घेऊन लहान पोरासारखा रडत होता.