पाण्यात कालवायचं पाकीट

कुंडलिकने आणलेला खोका उघडला तेव्हा सिंधुबाईंना आधी वाटलं, गुरांचं औषध असेल. चंदेरी पाकिटं, आत पिवळसर पीठ.

"ह्ये खायाचं व्हय?" त्यांनी सुनेला, म्हाळसाला विचारलं.

"खायचं नाही आत्या, पाण्यात कालवून प्यायचं. सकाळी एक, रात्री एक. दुपारी सुपाचं पाकीट."

"आन भाकरी?"

"भाकरी बंद."

सिंधुबाईंनी पाकिटाचा वास घेतला, ते परत खोक्यात ठेवलं आणि कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखं तोंड करून त्या चुलीकडं वळल्या.

म्हाळसाची साखर वाढली होती, गुडघे कुरकुरत होते. म्हणून कुंडलिकने बारामतीच्या, वजन उतरवायच्या एका सेंटरमध्ये बायकोचं नाव घातलं. पाकिटं तिथलीच. तिथं दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन व्हायचं, आणि ज्याचं उतरेल त्याच्यासाठी टाळ्या. म्हाळसाला एकदाही टाळ्या मिळाल्या नव्हत्या. रात्री घरातले जेवायला बसले की ती शेकर, म्हणजे पीठ कालवायची बाटली, घेऊन ओसरीवर जायची. लोणी देवकरच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. दुपारी बाकीच्या बायकांचे डबे उघडले की सूप घेऊन एकटीच तिथं बसून राहायची.

सकाळी कंपनीची बस धरायची घाई, तर रात्री ती दमलेली. म्हणून पाकीट कालवायचं काम सिंधुबाईंनी अंगावर घेतलं. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आई मेलेली कितीतरी कोकरं त्यांनी बाटलीनं पाजून जगवलेली. नुसत्या पाण्यावर माणूस कसं तग धरेल, हे त्यांना काही केल्या पटेना. दारातल्या शेळीची धार काढून त्या दुधातच पीठ घोळवायच्या, वर गुळाचा खडा.

म्हाळसाला पहिल्या घोटालाच कळलं. जिचा दिवस नमुने तपासण्यात जातो, तिच्यापासून शेळीच्या दुधाचा वास लपणार कसा? पण ती बोलली नाही. चवीला बरं लागत होतं. शिवाय गप्प राहायला दुसरंही कारण होतं.

संध्याकाळी ती बसमधून एक थांबा आधी, फाट्यावर उतरायची. तेवढंच चालणं होतं, असं घरी सांगितलेलं. फाट्यावर वड्याची गाडी होती. गाडीमागं, उसाकडं तोंड करून ती दोन वडापाव खायची, कधी तीन. मग बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचे, बडीशेप चघळायची आणि वाटेला लागायचं. "ताई, घरी बांधून देऊ का?" असं गाडीवाल्याने एकदा साधंच विचारलं, तर ती इतक्या घाईने "नको" म्हणाली की तो बघतच राहिला. कपभर दुधाने काय होतं आणि रोजच्या वड्यांनी काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी वजन हललं नाही तर दुधाचं कारण आहेच, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. तिने तो झटकला नव्हता.

एका शनिवारी सिंधुबाईंना डोळे दाखवायचे होते, म्हणून तिघं मिळून बारामतीला गेली. आधी सेंटर. काट्यावर म्हाळसाचं वजन वाढलेलं निघालं.

"म्हाळसाताई, बाहेरचं काही खाता का?" सेंटरच्या मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"शेक पाण्यातच घेता ना?"

ती उत्तर जुळवते तोवर दाराजवळच्या खुर्चीवरून सिंधुबाई म्हणाल्या, "पाण्यात कसं? शेळीचं दूध घालती मी. कोकरूबी पाण्यावर वाढत न्हाय."

खोलीभर हशा पिकला. "आजी, सून आहे ती, कोकरू नाही," कुणीतरी म्हणालं. मॅडमही हसल्या, मग आवाज चढवून म्हणाल्या, "तुमच्या लाडापायी हिचे गुडघे जातील. उद्या साखर वाढली तर जबाबदार कोण?"

सिंधुबाईंनी सुनेकडं पाहिलं. म्हाळसा काट्यावरच्या आकड्याकडं बघत राहिली, तो विझेपर्यंत.

परतताना कुंडलिक तापला. "आये, कळत न्हाय तितं हात घालू नगं म्हणून किती येळा सांगायचं?" डोळे दाखवायचे राहिले ते राहिलेच.

त्यानंतर सकाळी म्हाळसापुढं पाकीट आणि पाण्याचा पेला वेगवेगळे ठेवलेले असत. सिंधुबाई शेकरला हात लावत नसत. म्हाळसा मात्र फाट्यावर उतरतच होती.

सुट्टीच्या दिवशी ती अंगणात आली, तर कुंडलिक शेळी सोडत होता.

"इंदापूरच्या बाजारात दिऊन टाक," सिंधुबाई सांगत होत्या. "घरात दूधच नसलं म्हंजे माझा हात जायचा न्हाय."

"शेळी नेऊ नका," म्हाळसा म्हणाली. "वजन दुधानं वाढलं नाही. मी फाट्यावर वडे खाते. रोज. आणि दूध घालताय, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

कुंडलिकच्या हातातलं दावं तसंच राहिलं. "मग तितं का बोलली न्हाईस?"



सिंधुबाईंनी लेकाच्या हातातून दावं घेतलं आणि शेळी पुन्हा खुंट्याला बांधली. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हितं सांगून काय उपेग? ही शेळी हसली न्हवती मला. जितं मानसं हसली, तितं सांग."

शनिवारी त्या पुन्हा दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसल्या. म्हाळसा काट्यावर चढली आणि आकडा स्थिरावायच्या आत वळली.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले. मी रोज बाहेरचं खाते. माझ्या सासूबाईंना तुम्ही उगाच बोललात, आणि मी बोलू दिलं."

कुणी हसलं नाही. मागच्या एका बाईने सवयीने टाळी वाजवली, तीही अर्धीच. मॅडम कागद चाळू लागल्या. काट्यावरून उतरायचं असतं, हेही म्हाळसाला सुचेना.

"झालं न्हवं?" सिंधुबाई उठल्या. "चल आता. डोळं दाखवायचं ऱ्हायलंय."

जिन्यात अंधार होता, त्यांना पायऱ्या धड दिसत नव्हत्या. म्हाळसाने हात पुढं केला. सिंधुबाईंनी कठडा धरला. मग ती त्यांच्यापुढं एक पायरी खाली राहून, मागं बघत उतरू लागली. त्यांचा तोल गेलाच, तर अंगावर घेता यावं म्हणून.